कॉम्प्युटरने सुतक पाळलं

क्वाद्वो फ्रिम्पोंगने शुक्रवारी दुपारी ऑफिसात सगळ्यांना बजावून सांगितलं, की सोमवारी सकाळी आत पाऊल टाकाल तेव्हा तुमचे कॉम्प्युटर तुम्हाला ओळखूसुद्धा येणार नाहीत! हे भाकीत अगदी शब्दशः खरं ठरलं. त्याचा आनंद मात्र क्वाद्वोला काही झाला नाही.

कुमासी शहरापासून तासाभरावरच्या गावात कोको बागायतदारांचा एक संघ आहे. सभासदांची नावं, बागा, पोत्यांची वजनं, सगळं एका जावा प्रोग्राममध्ये बसलेलं. प्रोग्राम कामाला गुणी, पण दिसायला पार रया गेलेला. राखाडी खिडक्या, राखाडी बटणं. क्वाद्वो त्याची देखभाल करायचा, आणि अकरा महिने तात्पुरताच होता. त्याला कायम करण्याचं पत्र टाइप होऊन अध्यक्ष नाना बोआडींच्या खणात पडलं होतं, सही तेवढी बाकी. नाना म्हणाले होते, "पडद्यावर आपला संघ दिसू दे. मग बघू सहीचं."

क्वाद्वोने मनावर घेतलं. जावात प्रोग्रामच्या कामाला हात न लावता त्याचा सगळा तोंडवळा बदलता येतो, त्याला लुक अँड फील म्हणतात. रिसेप्शनवरच्या अफ्रिये मावशींना त्याने सोपं करून सांगितलं की माणूस तोच, फक्त कपडे नवे. कपड्यांसाठी त्याने सणासुदीला नेसायच्या केंटे कापडाचे रंग घेतले, सोनेरी आणि हिरवा, आणि ते खुलावेत म्हणून खाली काळं अस्तर. नानांच्या हुकमावरून पहिल्याच खिडकीत नानांचा भला मोठा फोटो आला. मी शहाण्णव सालापासून इथे आहे, तेही येऊ दे, असं नाना म्हणाले, म्हणून फोटोखाली १९९६ आलं आणि पुढे आडवी रेघ. रेघेनंतरची मोकळी जागा बरी दिसेना, म्हणून क्वाद्वोने आपल्या अकलेने तिथे २०२४ घातलं.

आणखी एक हुशारी त्याने केली होती. एखादा रंग सापडलाच नाही तर त्या जागी लालभडक दिसावं, म्हणजे चूक चटकन डोळ्यांत भरेल.

शुक्रवारी पाच वाजता त्याने पाचही कॉम्प्युटरवर नवा प्रोग्राम चढवला आणि चालू करून न बघताच बस गाठली. शनिवारी बायकोच्या मामांचा अंत्यविधी होता, आणि सासरच्या अंत्यविधीला उशिरा पोचण्याची छाती त्याच्यात नव्हती. घाईत एवढंच लक्षात राहिलं नाही, की रंगांच्या फाइलचा पत्ता म्हणून प्रोग्राममध्ये त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपचा पत्ता लिहिलेला होता. ऑफिसातल्या कॉम्प्युटरांना तो पत्ता सापडणार कसा? सोनेरी गेला, हिरवा गेला. उरलं प्रोग्राममध्येच लिहिलेलं काळं अस्तर आणि चुकीचं लाल.

सोमवारी सकाळी सात वाजता अफ्रिये मावशींनी कॉम्प्युटर लावला. काळा पडदा, लाल चौकट, मध्ये नाना आणि खाली दोन सालं. गावातल्या प्रत्येक भिंतीवर, प्रत्येक विजेच्या खांबावर अशीच पत्रकं चिकटवलेली असतात, आणि काळा-लाल हा इकडे सुतकाचा रंग, ती गेलेल्या माणसांचीच असतात, हे शेंबडं पोरही सांगेल. नाना सत्तरीचे होते आणि सालांवरून वय अठ्ठावीसच भरत होतं, पण दुःखात वजाबाकी कोण करतं? मावशींनी दुसरा कॉम्प्युटर लावला. तोही सुतकात. मावशींनी नानांना फोन लावला, पण नाना शनिवारीच बागेवर गेले होते आणि तिथे फोन लागत नाही.

एवढ्यात दारात क्वाद्वो उभा राहिला. त्याची कपड्यांची बॅग मेव्हण्याच्या गाडीतून आक्राला निघून गेली होती, म्हणून तो शनिवारच्याच वेषात थेट बसमधून आला होता. अंगभर काळं कापड आणि मनगटाला लाल फीत.

"म्हणजे खरंच गेले?" मावशींनी विचारलं.

मावशींना मामांची एवढी कळकळ वाटते हे बघून क्वाद्वोला भरून आलं. "गेले. पोटाचं दुखणं होतं, फार सोसलं."

"तरी म्हटलं, गुरुवारी पोटावर हात धरून बसले होते," असं म्हणत मावशींनी जो हंबरडा फोडला, तो पार वजनकाट्यापर्यंत ऐकू गेला.

त्यानंतरचा एक तास उपाध्यक्ष न्यार्कोसाहेबांचा. अशा प्रसंगी कुणीतरी खंबीर राहायलाच हवं, असं म्हणत त्यांनी मांडव सांगितला, दोनशे प्लास्टिकच्या खुर्च्या सांगितल्या, गावच्या एफएमवर बातमी धाडली, आणि जाता जाता आपली बसायची उशी नानांच्या खोलीत हलवली.

क्वाद्वोने पडदा पाहिला तेव्हा कुठे त्याला सगळा उलगडा झाला. पत्र तर गेलंच, आता आहे ती नोकरीही गेली. तो लोकांना सांगू लागला, नाना जिवंत आहेत, हा नुसता रंगांचा घोळ आहे. लोकांनी त्याला खुर्चीवर बसवून पाणी पाजलं. बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला, जीव होता ना त्याचा नानांवर, असं आपसांत बोलणं झालं. शेवटी त्याने बोलणं सोडलं आणि रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर पत्ता दुरुस्त केला. पडदा सोनेरी-हिरवा झळकला.

मावशींचे डोळे विस्फारले. "अरे, माणूस अजून मातीत गेला नाही, आणि तू सणाचे रंग लावतोस?"

त्याला त्या कॉम्प्युटरजवळून उठवण्यात आलं.

दहाच्या सुमाराला फाटकाशी ट्रोट्रो, म्हणजे गावोगावची प्रवासी गाडी, थांबली आणि तिच्यातून नाना उतरले. गाडीतल्या रेडिओवर त्यांनी स्वतःची बातमी ऐकली होती, आणि शेजारच्या बाईला भला माणूस होता हो, असं सांगितलंही होतं. मांडवातलं रडणं एका सुरात थांबलं. नाना आत गेले आणि अजून सुतकात असलेल्या तिसऱ्या कॉम्प्युटरसमोर उभे राहिले.

"फोटो कुणी निवडला?"

"तुम्हीच दिलात, नाना," क्वाद्वो म्हणाला.

"सालं?"

"पहिलं तुमचं. दुसरं माझं."

"आणि हा रंग?"

क्वाद्वोने मान खाली घातली. बसमध्ये बसण्याआधी पाच मिनिटं बघितलं असतं, तर हे झालं नसतं, हे त्याने कबूल केलं. त्याला खरोखर रडू येत होतं.

नाना आपल्या खोलीत गेले. खुर्चीवर न्यार्कोसाहेबांची उशी होती. नानांनी ती हाताने दाबून पाहिली, मऊ आहे, राहू दे म्हणाले आणि तिच्यावरच बसले. मग खण उघडून त्यांनी ते पत्र काढलं आणि सही केली. क्वाद्वोचा विश्वासच बसेना.

"पहिलं काम, तो जुना राखाडी रंग परत लाव. मला राखाडीतच राहायचंय," नाना म्हणाले. "दुसरं, ही लाल-काळी फाइल पुसू नकोस. जपून ठेव. आयती तयार आहे, ऐन वेळी माझ्या पोरांची धावपळ नको. आणि ती लागेपर्यंत तू हा संघ सोडून कुठे जायचं नाहीस."

असा क्वाद्वो कायम झाला. प्रोग्राम पुन्हा राखाडी दिसू लागला आणि प्रोग्रामच्या नव्या कपड्यांचा विषय ऑफिसात कुणी काढला नाही. रोज सकाळी क्वाद्वो नानांच्या पोटाची चौकशी करायचा, त्यामुळे पोरगा फार मायाळू आहे असं मावशी सगळ्यांना सांगत.

महिन्याभराने नानांनी त्याला खोलीत बोलावून दार लोटून घ्यायला सांगितलं.

"त्या फोटोत माझ्या खांद्यावरच्या कापडाची घडी वाकडी आलीय," नाना हळूच म्हणाले. "वेळ आहे तोवर सरळ करून ठेव."