आप्पांचं राहिलेलं अपडेट

आमच्या घरातला कॉम्प्युटर माझ्या परवानगीशिवाय इकडचा तिकडे होत नाही, असं मी चारचौघांत छाती फुगवून सांगत असे. इतरांची मशीनं ऐन कामाच्या वेळी आपली आपण अपडेट व्हायला बसतात आणि माणसं गालाला हात लावून बघत राहतात. माझ्याकडे ते लाड नव्हते. मला विचारल्याशिवाय काही करायचं नाही, अशी सेटिंग मी पहिल्याच आठवड्यात करून टाकली होती. त्यामुळे रोज संध्याकाळी स्क्रीनच्या कोपऱ्यात एक पिवळी ढाल यायची, नवीन अपडेट आलेत, घालू का, असं विचारायची आणि मी ‘नंतर’वर टिचकी मारायचो. दोन वर्षं हा नेम चुकला नव्हता.

या एका बाबतीत आप्पांचं आणि माझं पटत नसे. आप्पा म्हणजे माझे वडील, कमळाकर. ओवे गावात शेती होती तोवर आमच्या ओटीवरून कुणी चहा न घेता गेलं नाही. शेती गेली, आम्ही पनवेलात तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो, ओटी गेली, पण सवय राहिली. कुरिअरवाला, मीटर बघणारा, मतं मागायला आलेले सगळ्या पक्षांचे लोक, सगळ्यांना चहा. संध्याकाळी आप्पा कॉम्प्युटरवर पत्ते खेळायला बसत आणि ढाल आली की मला हाक मारत.

“धनेश, हा परत आलाय.”

“नंतर म्हणा त्याला.”

“काल पन नंतरच बोललो. बिचारा किती अदबीनं विचारतोय.”

“आप्पा, तो माणूस नाहीये.”

“मग काय झालं? दारान उभा हाय ना?”

तरीही माझा शब्द मोडायचा नाही म्हणून ते ‘नंतर’ दाबत आणि मग डाव हरत. त्यांचं लक्षच उडायचं.

मग आप्पा गेले. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं आणि परत आणता आलं नाही. पुढचे दिवस मला काही सुधरत नव्हतं. माणसं येत होती, बसत होती, आणि त्यांना चहा विचारणारा माणूसच घरात नव्हता.

दहाव्याला आम्ही गाढी नदीच्या घाटावर गेलो. पिंड मांडला. कावळे समोरच्या झाडावर बसलेले दिसत होते, पण एकही खाली येईना. ऊन चढलं. भटजींना पुढे दुसरीकडे जायचं होतं. ते म्हणाले, “दर्भाचा कावळा करू या का?”

“नाय,” आई म्हणाली. आई म्हणजे भामा, आप्पांपुढे उभ्या जन्मात आवाज न चढवलेली बाई. “खरा येईल तवाच उठेन मी.”

चिरनेरहून आलेली गुणाबाई आत्या पुढे झाली. “दादाचा जीव कशान तरी अडकलाय. बोला, ज्याला जे बोलायचा हाय ते.”

चुलत्यांनी बांधावरचं जुनं भांडण सोडून दिलं. आत्यानं भावजयीला एकटी टाकणार नाही असं सांगितलं. मी आईला आणि धाकट्या बहिणीला, मनस्वीला, सांभाळण्याचा शब्द दिला. एक कावळा मान वाकडी करून सगळं ऐकत होता, पण त्यात त्याला नवीन काही वाटलं नसावं.

तेव्हा आई हळूच म्हणाली, “दवाखान्यात एकच बोललेले. त्या बिचाऱ्याला हो बोला.”

“कंच्या बिचाऱ्याला?” आत्यानं विचारलं.

“ते नाय बोलले.”

मग माझा चुलतभाऊ बाळू खाकरला. “मला वाटतं, तो मी. काकांची स्कूटर मागितली होती मी. धनेशदादानं नाही म्हटलं होतं.”

मी तिथल्या तिथे स्कूटर देऊन टाकली. मोठ्यानं, झाडाकडे तोंड करून. कावळ्यानं पंखाखाली चोच घातली. बाळूनं मात्र चावी कुठे असते ते विचारून घेतलं.

मग नात्यातल्या सत्यवतीकाकू उठल्या. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, “माझ्या भाच्याचं स्थळ घेऊन मी आले होते मनस्वीसाठी. तुम्ही नाही म्हणालात. त्या दिवशी कमळाकरभावोजी मला जिन्यापर्यंत सोडायला आले होते. बिचारा म्हणाले होते त्याला.”

आणि नेमका त्याच वेळी कावळा एक फांदी खाली उतरला.

“बघा,” आत्या म्हणाली.

सगळ्यांनी बघितलं. मनस्वी तोपर्यंत आप्पांसाठी रडत होती. तिचं रडणं थांबलं आणि ती माझ्याकडे बघू लागली. तो भाचा मी पाहिला होता. आप्पा त्याला बिचारा म्हणाले असतील यात शंका नव्हती, पण ते वेगळ्या कारणानं.

“बाय,” आई तिचा हात धरून म्हणाली, “तुझ्या बापासाठी हो बोल.”

मनस्वीचे ओठ हलले. ती खरंच हो म्हणाली असती. आप्पांवर तिचा तेवढा जीव होता.

दवाखान्यातला तो निरोप कुणासाठी होता हे मला आई बोलली तेव्हाच कळलं होतं. पण साठ माणसांसमोर, धोतर नेसून, मुंडन केलेल्या डोक्यानं ते सांगायचं कसं? मी पुढे झालो. झाडाखाली हात जोडले.

“आप्पा, त्या ढालीला हो म्हणतो. आजच म्हणतो. सगळे अपडेट घालतो.”

मागे कुणीतरी विचारलं, “कुठल्या पार्टीला बोलला?”

कावळा खाली आला. दोन पावलं इकडे, दोन तिकडे, आणि त्यानं पिंडाला चोच लावली. आत्यानं हात कपाळाला लावला. मनस्वी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली आणि सत्यवतीकाकू पाय आपटत गाडीत जाऊन बसल्या.

प्रकरण इथे मिटायला हवं होतं. पण घरी पानं मांडल्यावर आई म्हणाली, “आदी शब्द पूर्ण कर. मग मी जेवेन.”

आई जेवल्याशिवाय आत्या जेवेना. आत्या जेवेना म्हणून चुलते उठले. भाजी, वडे, खीर सगळं झाकून ठेवलं गेलं आणि सगळं गोत कॉम्प्युटरसमोर सतरंजीवर येऊन बसलं. मी आयुष्यात पहिल्यांदा ‘हो’वर टिचकी मारली. दोन वर्षांचं तुंबलेलं सगळं एकदम आत यायला लागलं. आमचं इंटरनेट तेव्हा लग्नातल्या पंगतीत वाढप्यानं तूप वाढावं तसं थेंबाथेंबानं यायचं.

“किती झालं?”

“बारा टक्के.”

हे मागच्या खोलीपर्यंत पोचवलं गेलं. पस्तीस झाले तेव्हा चुलते म्हणाले, “पास झाला.” कुणी हसलं नाही. पोटात काही नव्हतं.

तळमजल्यावरचे अय्यूबभाई भेटायला आले. आप्पांचा संध्याकाळचा पहिला चहा त्यांच्या हार्डवेअरच्या दुकानात व्हायचा. सगळी हकीकत त्यांनी मान खाली घालून ऐकली. मग घड्याळ बघितलं. “भाभी, आता लाइट जायची वेळ झाली. मी दुकानातला इन्व्हर्टर वर पाठवतो. कमळाकरभाईंचं काम अधुरं राहणार नाही, इन्शाल्ला.” दोन माणसांनी तो इन्व्हर्टर तीन मजले चढवून आणला. वायर जोडली आणि लाइट गेली.

शेवटी पडदा एकदम काळा झाला. मी म्हणालो, “घाबरू नका, तो आता परत सुरू होतो,” पण ते कुणी ऐकलं नाही. आत्यानं तोंडाला पदर लावला आणि बायकांनी हंबरडा फोडला. आप्पांना उचललं तेव्हाचाच तो आवाज होता. माझेही डोळे भरून आले. मग कॉम्प्युटर टिणटिणला आणि पडदा उजळला.

“काय लिवलंय?” आईनं विचारलं.

“आता काही बाकी नाही, असं लिहिलंय.”

आईनं स्क्रीनला हात जोडले आणि त्या दिवसांत पहिल्यांदा मोकळी रडली. मग उठून तिनं स्वतःच्या हातानं पानं वाढली. जेवताना चुलत्यांनी विचारलं, “एवढं केलं त्याचा फरक काय पडला?” मी बघून आलो. पत्ते तेच होते. प्रिंटर तेवढा बंद पडला होता.

तेव्हापासून आमच्या घरात ‘नंतर’ म्हणायचं नाही असा आईचा दंडक आहे. जो येईल त्याला हो. आज आमच्याकडे तीन टूलबार आहेत, दोन अँटीव्हायरस आहेत, ते एकमेकांशी बोलत नाहीत, आणि आणखी एक काहीतरी आहे, ते कोण आहे ते मनस्वीलाही कळत नाही. ती काढून टाकायचं म्हणते. “आलेल्याला घालवतात काय?” आई म्हणते. “ते असताना घर असाच भरलेला असायचा.”

कॉम्प्युटर सुरू व्हायला आता इतका वेळ लागतो की मधे चहा होतो. आई सवयीनं एक कप जास्त टाकते. तो मी पितो.