तिखट गिअर

मुलांनो, मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत की आप्पाआजोबांची गाडी चालता चालता उचक्या का देते. तेव्हा सगळे एकदम बोलत होते, त्यामुळे धड उत्तर देता आलं नाही. आणखी कुणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी खरं काय ते मीच लिहून ठेवते.

आप्पा म्हणजे माझे धाकटे दीर. इथे लोणखेड्याला कमलआजीसोबत आमच्या शेजारीच राहतात. अर्धं आयुष्य नंदुरबारच्या मिरची बाजारात गेल्यामुळे त्यांच्या लेखी जगातल्या वस्तू दोनच प्रकारच्या, तिखट आणि फिक्क्या. पुढाऱ्याचं भाषण फिक्कं, नवा पंखा फिक्का. मी इंग्रजी शाळेत शिकले म्हणून माझा चहासुद्धा फिक्का.

त्यांच्या सुरतेच्या मुलानं त्यांना ऑटोमॅटिक पिकअप ट्रक घेऊन दिला. क्लच नाही, गिअर आपोआप पडतात, आणि तेही इतके अलगद की हातातला चहा हिंदकळू नये. हेतू चांगला होता. तुमच्या कमलआजीची दृष्टी काचबिंदूनं गेलेली, तिला धक्के बसू नयेत. पण झालं उलटंच. जुन्या खडखडत्या जीपमधून दर गुरुवारी ब्राह्मणपुरीला बहिणीकडे जाणारी कमल नव्या गाडीत दोन-तीनदा बसली आणि मग म्हणू लागली, "तुम्ही जाई या, मी घरच बरी." बहीण अंथरुणाला खिळलेली, ती काही इकडे येऊ शकत नव्हती. कारण विचारलं की कमल नुसती हसायची.

आप्पांनी निदान केलं. "वयनी, गिअर फिक्का शे. तिखट करना पडी."

अंगणात गाडी ठोकळ्यांवर चढली. गिअरबॉक्समधलं तेल कमलच्या परातीत उतरलं, लालभडक, थेट रश्श्यावरच्या तर्रीसारखं. ती परात गेली ती गेलीच. माहितीपुस्तक इंग्रजीत, म्हणून खुर्ची टाकून माझी नेमणूक झाली. हे काम कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्यावं, असं त्यात लिहिलेलं मी मोठ्यानं वाचलं. गाडीखालून उत्तर आलं, "पुस्तक लिखनारा फिक्कं खात व्हई."

गिअरबॉक्सच्या पोटात भोकांची एक पत्र्याची ताटली असते. भोक मोठं केलं की तेल लवकर पोहोचतं आणि गिअर ठणकून पडतो. आप्पांनी भोक मोठं केलं, वर एक कडक स्प्रिंगही बसवली. पहिल्या फेरीला मी शेजारी बसले. कॉलेजच्या वळणापाशी गिअर पडला आणि माझा चष्मा मांडीत आला. "जास्त तिखट झायं," आप्पा गंभीरपणे म्हणाले. नवी ताटली मागवून त्यांनी या खेपेला भोक बेतानं पाडलं. सुरतेचा मुलगा फोनवर चिडला, तर तोही फिक्का ठरला.

चिडले तर मीही होते. दिसत नसलेल्या बाईला मुद्दाम हिसके कशासाठी? आप्पांनी हात पुसले. मग कधी नव्हे ते हळू आवाजात बोलले, "जीपमां ती गिअरवरून गाव वळखे, वयनी. ह्या गाडीमां सारखी इचारे, कोठे उनूत. मंग तिनी इचारनं बी सोडी दिधं." (उनूत म्हणजे आलो.)

पुढच्या गुरुवारी कमल त्यांच्या शेजारी बसली, मी मागे. कॉलेजच्या वळणावर एक हिसका बसला, तिनं मान हलवली. पाटाच्या पुलाला चढ लागला, गाडी ठणकून खालच्या गिअरवर आली आणि कमल सीटवर जरा सैलावली. मग लांबलचक सरळ रस्ता. शेवटी गतिरोधक गेला, मागोमाग एक हिसका आला. कमलनं पदर सारखा केला.

"ब्राह्मणपुरी उनी."

"नही, आजून लांब शे," आप्पा समोर बघत म्हणाले.

"लबाडी नका करू," कमल म्हणाली आणि दाराची कडी चाचपू लागली.

ती बहीण आता नाही. जीप भंगारात गेली. गाडी आहे, गिअर अजून तिखट आहे, आणि गुरुवारी दोघं अजून ब्राह्मणपुरीला भाच्याकडे जातात.