नंदाबाईंची उघडी खिडकी

या, जरा जवळ सरका. कीर्तनाचे बुवा पागोटं बांधेपर्यंत धरणाकाठच्या वडिवळे गावातल्या एका खिडकीची गोष्ट ऐकून घ्या.

नंदाबाईंचे गुडघे गेले होते, कान मात्र शाबूत. एकादशीला देवळातलं कीर्तन त्या आपल्या गजांच्या खिडकीत बसून ऐकत. गावचा रिवाजच होता तो. ज्यांना देवळात येववत नाही त्यांच्यासाठी सरूबाई खडीसाखर-खोबऱ्याचं ताट घेऊन गल्लीतून फिरे आणि उघड्या खिडकीतून हातावर प्रसाद ठेवी. खिडकी बंद, म्हणजे घरात कुणी नाही. प्रसाद पुढं.

पुढे मुलानं, निलेशनं, घराचं होमस्टे करायचं ठरवलं आणि खिडक्यांचा विषय ऐरणीवर आला. लोणावळ्याहून प्रज्ञेश नावाचे खिडकी-सल्लागार आले.

"सरकती, झुकती, की जमिनीपर्यंतची?" त्यांनी गंभीरपणे विचारलं.

"उघडती," नंदाबाई म्हणाल्या.

"तो प्रकार आता चालत नाही, मावशी."

धरणाच्या बाजूची अख्खी भिंत काचेची झाली. पाहुण्यांना धरण दिसू लागलं, तसे गावाला पाहुणे दिसू लागले. म्हणून पडदे आले. पडद्यांमुळे धरण दिसेना, तेव्हा पडद्यांवर धरणाचं चित्र छापून घेण्यात आलं. देवळाच्या बाजूबद्दल एका पाहुण्यानं लेखी कळवलं, की इथला देव सुट्टीच्या दिवशीही फार लवकर उठतो. तिथं न उघडणारी दुहेरी काच बसली. आत वारा येईना म्हणून एसी आला, आणि एसीला भोक हवं म्हणून नंदाबाईंची खिडकी काढण्यात आली.

पुढच्या एकादशीला नंदाबाई काचेला नाक लावून बसल्या. बुवांचं तोंड हलताना तेवढं दिसलं. सरूबाई आली, काचेतून हसली आणि पुढं गेली.

"अगं, म्या हितंच बसले हुते की," दुसऱ्या दिवशी नंदाबाई म्हणाल्या.

"दिसलीस की. पर खिडकी बंद हुती. एकीला दिलं तर समद्या बंद खिडक्या मागत्याल."

तेव्हा नंदाबाईंनी नवऱ्याकडून, महिपतीकडून, जुनी चौकट अंगणातल्या जांभळाला बांधून घेतली. भिंत नाही, छप्पर नाही, नुसती खिडकी. तिच्यामागं खुर्ची टाकून त्या बसल्या. सरूबाई मोकळ्या अंगणातून चालत आली, खिडकीसमोर थांबली आणि गजांतून हात घालून प्रसाद दिला.

"आता कसं रीतसर झालं," ती म्हणाली.

पाहुण्यांनी हे पाहिलं. आठवड्याभरात चौकटीवर पाटी लागली : 'वारसा खिडकी. आगाऊ नोंदणी आवश्यक.'

"आई, तुला मंगळवारी दुपारी मोकळी आहे," निलेश म्हणाला.

"मंगळवारी दुपारी कीर्तन असतंय व्हय रं?"

"नसतंय. म्हणून तर मोकळी आहे."

एकादशीला कीर्तन रंगात आलं. गजांमागं पाहुण्यांची रांग. सरूबाईनं नियमाप्रमाणे एकेकाच्या हातावर खडीसाखर ठेवली. त्यांनी खडीसाखरेचा फोटो काढला आणि ती चहात घातली. ताट रिकामं झालं.

तुमच्याही फोनात मावळातला असा गजांमागचा फोटो असेल. हसू छान आलंय तुमचं. मागं, जरा अंधुक, खुर्चीत एक म्हातारी ओंजळ पुढं करून बसलेली दिसेल. तिला कापून टाकू नका. त्या नंदाबाई. प्रसाद तोंडात टाकताना त्यांची आठवण ठेवा.