आमच्या घरातली उगवलेली भिंत

मी जिवंत असेपर्यंत या घरात एसी लागणार नाही! हे मी जेवणाच्या टेबलावर, हातातला चमचा उंचावून जाहीर केलं. घर गार करायचं आणि गल्ली तापवायची, हे कुठलं शहाणपण? "मी ती खोली माती लावून गार करून दाखवतो! वीज नको, कारागीर नको, खर्च तर जवळजवळ नाहीच!"

बायकोनं जेवता जेवता एवढंच विचारलं, "रविवारपर्यंत होईल?"

ती खोली म्हणजे बायकोची शिवणकामाची खोली. पश्चिमेची. दुपार कलली की तिथली इस्त्री बंद असली तरी तापलेली वाटते. मागच्या उन्हाळ्यात एका शाळेच्या मुख्याध्यापिका मापं द्यायला आल्या आणि चक्कर येऊन कापडं बेतायच्या टेबलावर आडव्या झाल्या. गणवेशांचं काम गेलं. उंची तेवढी व्यवस्थित मोजता आली!

आता रविवारी दुपारी एका नाटक कंपनीच्या मालकीणबाई येणार होत्या. अख्ख्या नाटकाचे कपडे! बायको मला म्हणाली, "हे काम मिळालं ना, तर फॉल-पिको आणि चेन बदलणं यातून मी सुटले. कळतंय ना तुम्हाला?"

"तू निश्चिंत राहा," मी म्हणालो. हे वाक्य मी उच्चारलं की ती हमखास काळजीत पडते.

दुसऱ्याच दिवशी मी कामाला लागलो. माती परसातली, वाळू शेजाऱ्यांच्या बांधकामातून उरलेली आणि पेंढा घोड्यांच्या तबेल्यातून, फुकट! तबेलेवाला तर "सगळाच न्या" म्हणाला. अंगणात ढीग घालून मी विजार गुडघ्यापर्यंत वर केली आणि चिखल तुडवायला सुरुवात केली. सासरे आमच्याकडेच राहतात. ते खुर्ची टाकून बघत बसले. सगळी हयात त्यांनी सरकारी इमारतींवर देखरेख करण्यात घालवली आहे. सिमेंट नसलेली वस्तू त्यांना उघडी वाटते.

"जावईबापू, यात सिमेंट कधी पडणार?"

"नाही पडणार, बाबा."

"थोडंसं?"

"अजिबात नाही!"

"मग भिंत उभी कशी राहणार?"

"भिंत उभीच आहे, बाबा. मी तिला नुसता गिलावा करतोय."

संध्याकाळपर्यंत पश्चिमेच्या भिंतीवर चांगला हातभर... बरं, तीन बोटं जाड थर बसला. मी सगळ्यांना बोलावून भिंत दाखवली आणि बजावलं, "हा मातीचा गिलावा आहे. याला पाणी मारायचं नाही. आपोआप वाळू द्यायचा. कळलं?"

"गिलाव्याला पाणी नाही?" सासऱ्यांचा आवाज बसला. त्यांच्याकडे बघून मला वाटलं, मी कुणाचं तरी दूधपितं बाळ उपाशी ठेवतोय.

सकाळी भिंतीला तडे गेले होते. लहानच, पण माझा जीव खालीवर झाला. बायकोनं बघितलं तर? मी दुपारी सगळे झोपल्यावर मगभर पाणी आणून हळूच शिंपडलं आणि तडे बोटानं मिटवले. एवढ्यानं काय होतंय! दुसऱ्या दिवशीही एवढ्यानं काय होतंय, म्हणून पुन्हा शिंपडलं.

भिंत मात्र वाळायचं नाव घेईना. मी पंखा लावला, खिडक्या उघड्या टाकल्या, तरी हात लावावा तर गारढोण ओली! "बघा, गारवा!" असं मी मोठ्यानं म्हणत होतो आणि आतून घाबरत होतो.

शुक्रवारी सकाळीच मगभर पाणी घेऊन खोलीत गेलो आणि जागच्या जागी थिजलो. भिंत हिरवी झाली होती. शेवाळ नव्हे! चांगलं बोटभर उंच, टवटवीत, टोकांवर दवबिंदू मिरवणारं गवत! तबेल्यातल्या पेंढ्याबरोबर घोड्यांचा दाणाही आला होता आणि आमच्या भिंतीवर सगळा उगवला होता. मी हातातला मग खाली ठेवायच्या आत दार उघडलं. सासरे आत आले. त्यांच्या हातात बागेची झारी! त्यांच्या मागोमाग बायको आली. तिच्या हातात इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी उडवायची बाटली!

तिघांनी एकमेकांच्या हातांकडे पाहिलं.

"मी रोज पहाटे मारत होतो," सासरे ताठ मानेनं म्हणाले. "गिलावा तहानलेला सोडायची मला सवय नाही."

"मी संध्याकाळी," बायको म्हणाली. "तडे दिसले मला. म्हटलं, तुम्ही एवढी मेहनत केलीय, तुम्हाला वाईट वाटायला नको."

हे ऐकून मला खरोखर भरून आलं. पण भरून आलेल्या माणसाला भिंत साफ करता येत नाही.

"रविवार!" बायको एकदम म्हणाली आणि मटकन स्टुलावर बसली. "त्या बाई परवा येणार आहेत हो!"

तिचा चेहरा बघवेना. मी "तू निश्चिंत राहा" म्हणालो आणि ती स्वयंपाकघरात निघून गेल्यावर जी पहिली कात्री हाताला लागली तिनं गवत कापायला घेतलं. निम्मी भिंत कापून झाल्यावर मागून किंकाळी आली.

"माझी कापडाची कात्री!"

मित्रहो, शिवणकाम करणाऱ्या बाईची कापडाची कात्री म्हणजे काय असतं ते तुम्हाला माहीत नसेल तर सुखी आहात. त्या कात्रीनं तिनं सख्ख्या वडिलांनाही कधी कागद कापू दिलेला नाही. मी तर माती आणि गवत कापलं होतं! शनिवारभर ती माझ्याशी बोलली नाही आणि सासरे माझ्याशी फक्त सिमेंटबद्दल बोलले.

रविवारी भिंत पुन्हा उगवली होती, त्यातही निम्मी उंच, निम्मी बुटकी. आता झाकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी छताला लागून खिळे ठोकले, त्यांवर बांबू अडकवला आणि बांबूवरून बायकोचं निळं मखमली कापड सोडलं. दिसायला झकास! खिळे ठोकताना आतून काहीतरी पोकळ वाजलं, ते मी कुणाला सांगितलं नाही.

मालकीणबाई आल्या. धिप्पाड, खणखणीत आवाजाच्या.

"अरे वा! पडदा लावूनच स्वागत!" त्या खुर्चीवर बसल्या. "पण काय हो, बाहेर ऊन आणि इथं असं दमट का? वाफ घेतल्यासारखं वाटतंय!"

"मातीचा गारवा आहे तो," मी म्हणालो.

तेवढ्यात पडदा पुढे आला. वारा नव्हता. पडद्याला पोट सुटलं, पोट वाढलं आणि सासरे शांतपणे म्हणाले, "आली." धप्पदिशी सगळी भिंत, म्हणजे माझा सगळा गिलावा, गवत, बांबू आणि मखमल यांच्यासकट खाली बसली! मालकीणबाईंचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत चिखलात. त्यांच्या मांडीवर गवताचा एक सुरेख चौकोन येऊन पडला.

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मी "मी, मी, मी" एवढंच म्हणत होतो.

"आधी पाय धुवायला कुठं जाऊ ते सांगा," मालकीणबाई म्हणाल्या.

न्हाणीघराची वाट आमच्या झोपायच्या खोलीतून आहे. त्या पाय धुऊन बाहेर आल्या आणि आमच्या पलंगावर, माझ्या वाळत टाकलेल्या बनियनांच्या शेजारी, टेकल्या. तिथून हलेचनात.

"केवढं गार आहे इथं!"

"उत्तरेची खोली आहे," सासरे म्हणाले. "शिवाय बाहेर झाड."

"मग बाई, तुम्ही इथंच का नाही बसत शिवायला?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी बनियन गोळा करू लागलो. सासऱ्यांनी खिडकीबाहेरच्या झाडाकडे बघत घसा खाकरला. इतकी वर्षं आम्ही तिघं या घरात राहतोय आणि हे एकालाही सुचलेलं नव्हतं!

मापं त्याच खोलीत झाली. काम मिळालं. त्याच संध्याकाळी शिवणयंत्र उत्तरेला गेलं आणि आमचा पलंग पश्चिमेला आला. नवी कात्रीही आली, ती कुलपात असते.

आता कमी खर्चात घर गार कसं करावं, हे विचारायला लोक माझ्याकडे येतात. मी सांगतो, "खोल्यांची अदलाबदल करा! वीज नको, कारागीर नको, खर्च तर जवळजवळ नाहीच!" लोक थक्क होतात. कल्पना माझीच, हे मात्र बायको घरात नसेल तरच सांगतो.

त्या गार खोलीत फक्त गिऱ्हाइकांनाच प्रवेश आहे, असा बायकोचा कडक नियम आहे. म्हणून या उन्हाळ्यात मी सदऱ्यांमागून सदरे शिवायला टाकतोय. माप सावकाश घे, असं तिला विनवतो. पण दुपारी जावं तर माझ्या आधी सासरे माप द्यायला हात पसरून उभे असतात!