खळ काढलेली साडी

आठ पांढरे चंद्र.

बिस्किटाच्या डब्याची दोन झाकणं, दोन्हींवर सारख्याच गोल वळ्या.

साबुदाण्याची खळ, कोमट.

तीनदा धुतलेली एक कोरी साडी.

टेंभुर्णीत, संपतच्या घरात, हे सगळं एकाच दुपारी होतं.

संपत स्पीकर दुरुस्त करायचा. संध्याकाळी विहारात बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम होता. त्याची बायको बेबीनंदा आयुष्यात पहिल्यांदा माइकवर बोलणार होती, आणि विहाराच्या स्पीकरचा स्पायडर फाटला होता. स्पायडर म्हणजे स्पीकरच्या कागदी कोनामागची वळ्यांची कापडी चकती. ती कॉइलला मधोमध धरते, पुढं जाऊ देते, परत आणते. ताठ झाली तर आवाज दबतो, ढिली पडली तर खरखरतो. जालन्याहून मागवलेल्या नव्या स्पायडरची संपत चार दिवस वाट पाहत होता.

"बेबे, जुनं सुती कापड हाय का?"

"बांधवांनो आणि भगिनींनो," बेबीनंदा भिंतीला म्हणाली. चार दिवस ती त्या भाषणातच राहत होती. "कपाटात बघा."

कपाटात दोन पांढऱ्या साड्या होत्या. संपतनं हात फिरवला. मऊ ती जुनी. घडी न मोडता त्यानं वाटी ठेवून गोल कापला, तर एकाचे आठ निघाले.

"बरंच झालं. आठ प्रयोग."

दर खेपेला खळ थोडी कमी-जास्त करून गोल तिच्यात बुडवायचा, दोन झाकणांत दाबायचा, उन्हात ठेवायचा. पहिला पापड झाला. चौथा जरा नरमला. सहावा लोळलाच. सातवा त्यानं चिकटवला आणि अंगठ्यानं कोन हळूच दाबला. कोन आत गेला, परत आला. गेला, आला. संपतला वाटलं, खोलीच श्वास घेऊन राह्यली, आणि दारातला लिंबही त्याच लयीत.

"अहो!"

दारात बेबीनंदा साडी पसरून उभी होती. आठ भोकांतून आठ उन्हं संपतच्या अंगावर पडली.

"ही नवी हाय! खळ जावी म्हणून तीनदा धुतली मी!"

"मऊ लागली म्हणून मी..."

"आन् जुनी?"

"ती तर ताठ होती."

"लोंबत होती म्हणून तिला कालच खळ दिल्ती!"

"मंग तीच नेस की."

"हीच नेसून बोलायचं ठरवलंय मी. न्हाईतर बोलतच न्हाई."

लेक अक्षता पिना घेऊन धावली. सात भोकं निऱ्यांत गडप झाली. आठवं पदराच्या घडीत, खांद्याखाली लपलं.

"आई, हात बिलकुल हलवायचा न्हाई."

भाषणात हात चौदा वेळा उंचवायचा होता. त्यामुळं बेबीनंदा विहारात खांबासारखी उभी राहिली आणि सावकाश बोलली. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला, तिथून जणू पुन्हा तिच्याकडे आला. कुठं खरखर नाही. स्पीकरमागं संपत डोळे मिटून बसला होता.

शेवटी तिनं "जय भीम" म्हणत हात उंचावला. पीन तुटली. भोक उघडं पडलं. बायांनी तोंडाला पदर लावले.

"हसा की," ती माइकवर म्हणाली. "अर्धी साडी मी नेसलेय. उरलेली मालकांनी त्या खोक्यात घातली. तीच बोलून राह्यली."

हशा स्पायडरनं नीट पेलला.

आदल्या दिवशी दुपारी जालन्याहून नव्या स्पायडरचं पार्सल आलं होतं, आणि बेबीनंदानं ते भाषण म्हणत म्हणत कपाटात, खळ दिलेल्या जुन्या साडीखाली, जपून ठेवलं होतं.