डोईफोडियाची बंदूक मालखान्यांतून सुटली त्याची हकीकत

श्रीतापीमाई प्रसन्न. मौजे डोईफोडिया, प्रांत बऱ्हाणपूर, येथील एकनळी बंदूक सरकारी मालखान्यांत साडेपांच मास कैद राहून पुन्हां आपल्या खुंटीस कैसी पावली, हें पुढील लोकांस कळावें, बाजारच्या गप्पांत खरें-खोटें एक होऊं नये, म्हणून जैसें घडलें तैसें लिहिलें असे. लेखकानें कोणाचें मीठ खाल्लें नाहीं. केळीं मात्र उभय पक्षांचीं खाल्लीं, तीं सारखींच गोड निघालीं, सबब पक्षपाताचा संशय नसावा.

ऐसियास, डोईफोडियास निंबा कौतिक म्हणून कुणबी, वय पंचावन्न, रानाच्या कडेस त्याचा मळा, मळ्यांतच घर. बोलण्यांत गांवीं त्याचा हात धरील ऐसा कोणी नव्हता. त्याचें कुटुंब मनकर्णाबाई, मितभाषी. पिकाच्या राखणीसाठीं ठासणीच्या बंदुकीचा परवाना निंबाच्या नांवें होता. परंतु दारू कोरडी राखणें, बार ठासणें, रानडुकरें हाकणें ही सर्व चाकरी मनकर्णाबाईंकडे. आणि पोळ्यास व दसऱ्यास ती बंदूक खांद्यावर घालून गांवांतून मिरवणें हा अंमल निंबाकडे. ऐसी कामाची वांटणी वीस वर्षें बिनतक्रार चालली.

शके अठराशें अठ्याहत्तर, आश्विन वद्य पक्ष, बाजाराचा वार. गांव बाजारीं गेलें, मळे ओस पडले, आणि दोन प्रहरीं तीन असामी निंबाच्या मळ्यांत उतरले. त्यांचा म्होरक्या दगा. आईबापांनीं नांव ठेविलें तें त्यानें सार्थ केलें होतें. त्यांनीं दावणीचे बैल सोडिले. निंबानें दटावून पुसलें, कोण रे तुम्ही. तेव्हां दगानें कुऱ्हाड उगारिली, आणि निंबानें रणांतून तत्काळ माघार घेऊन बैलगाडीखालील जागा काबीज केली. दगा तिकडे वळला, वांकला, आणि कुऱ्हाडीनें गाडीखालीं ढोसूं लागला. मग मनकर्णाबाई घरांतून बंदूक घेऊन बाहेर आल्या.

“कुऱ्हाड खाली ठेव,” त्या म्हणाल्या.

दगा हंसला आणि पुन्हां वांकला. बाईंनीं बार काढिला. छर्रे मांडींत बसले, दगा पडला, आणि त्याचे दोघे सरदार बैल टाकून रानांत पसार जाहले. बाईंनीं बंदूक भिंतीस टेकविली, लुगड्याचा पदर फाडून दगाची मांडी आंवळून बांधिली, त्यास तांब्याभर पाणी पाजिलें, आणि गाडीकडे तोंड करून म्हणाल्या, “या बाहेर. गेले ते.”

सायंकाळच्या आंत बाजारचे लोक परतले, पाठोपाठ ठाण्याची स्वारी आली. ठाण्याचें नांव लिहिणें नलगे. स्वारीचे मुख्य गिरधर जमादार, मालखान्याच्या किल्ल्या यांचेच कमरेस. मूळचे माळव्याकडील, बोलणें हिंदी, स्वभाव वाईट नव्हे, परंतु कागदावांचून पान हालूं देत नसत. त्यांनीं भर गांवासमोर पुसलें, “गोली किसने चलाई?”

निंबानें गांवाकडे पाहिलें, गांवानें निंबाकडे पाहिलें.

“मीच,” निंबा म्हणाला.

मनकर्णाबाईंनीं नवऱ्याकडे एक वेळ पाहिलें आणि बैल दावणीस बांधावयास गेल्या. परवाना त्याचे नांवें, आणि चारचौघांत नवऱ्याची अब्रू, ऐसीं दोन कारणें त्यांनीं मनांत धरिलीं. पंचनामा जाहला, बंदूक फडक्यांत गुंडाळून वर लाखेची मोहोर केली, दगा इस्पितळांत व बंदूक कैदेंत रवाना जाहली. गांवांत निंबाचा जयजयकार होऊन चहा पाजला गेला. त्या पराक्रमाची कथा तो आठ दिवस सांगत होता, आणि दर वेळेस शत्रूंची संख्या वाढत होती.

नवव्या दिवशीं निरोप आला. पळालेल्या दोघांनीं एका गुराख्याकरवीं कळविलें कीं, दगा सांपडला तरी आम्ही आहों. बंदूक आतां सरकारांत आहे, बैल सांभाळून ठेवा, आम्ही येऊं. निंबाची कथा त्या दिवसापासून आंखूड जाहली. इकडे रानडुकरांसहि बातमी लागली ऐसें दिसतें; त्यांनीं भुईमुगाचें वावर एका हल्ल्यांत उद्ध्वस्त केलें. मनकर्णाबाईंनीं विळा उशाशीं घेतला आणि मळा सोडून जाणें बंद केलें. त्यांची एकुलती लेक आशा सासरीं गरोदर, तिला माघ मासीं माहेरीं आणावयाची होती. बाईंनीं जांवयास सांगून धाडिलें कीं, घरांत बंदूक नाहीं तोंवर पोरीस आणूं नका. मग लेकीसाठीं काढून ठेविलेली गोधडी त्यांनीं पुन्हां पेटींत घातली, ती निंबानें पाहिली. तेव्हां मोहीम करणें प्राप्त जाहलें.

पहिली स्वारी दिवाळीआधीं निघाली. निंबा सर्व्हिस मोटारीनें दरकूच ठाण्यास दाखल जाहला, सोबत केळीचा एक घड नजराणा. गिरधर जमादारांनीं घड ठेवून घेतला आणि फर्माविलें कीं, बंदूक हा मुद्देमाल आहे, अदालतीचा हुकूम आणावा. निंबा परतला.

दुसरी स्वारी बऱ्हाणपुरीं. ज्या शहरीं पूर्वीं पातशाही सुभ्यांनीं दख्खनचे निवाडे केले, तेथें बुधवारा पेठेंत एका ओट्यावर दिगंबरपंत अर्जनवीस बसत. त्यांनीं शुद्ध मराठींत तीन पानी अर्जदास्त लिहिली, तींत निंबाच्या शौर्याचें वर्णन दीड पान. तों इकडे राज्याचीच हालचाल जाहली. कार्तिकाच्या तोंडीं प्रांतांची मोडजोड होऊन नागपुराकडील मराठी मुलूख निराळा जाहला आणि राजधानी नागपुराहून उठून भोपाळास गेली. राज्याचें नांव मात्र तेंच राहिलें, त्यामुळें कित्येकांस महिनाभर कांहीं कळलेंच नाहीं. अदालतीच्या कचेरींतील कारकुनास कळलें होतें. त्यानें अर्ज परत करून आज्ञा केली कीं, आतां हिंदींत आणावा.

दिगंबरपंतांनीं जन्मांत हिंदी लिहिली नव्हती. तथापि ते डगमगले नाहींत. त्यांनीं तोच अर्ज पुढें घेतला आणि प्रत्येक वाक्याचे पिछाडीस एकेक ‘है’ तैनात केला. हा अर्ज दाखल होऊन टेबलावर चढला आणि तेथेंच छावणी करून राहिला. निंबा पौषांत गेला, माघांत गेला. तेव्हां निवडणुकीचा हंगाम आला; सर्व अंमलदार मतांच्या पेट्यांमागें गेले, आणि कचेरींत एक शिपाई उरला तो म्हणे, राज्य कोणाचें तें ठरूं द्या, मग बंदूक कोणाची तें पाहूं.

त्याच सुमारास मळ्यांतील विहिरीपाशीं ओल्या मातींत दोन माणसांचीं पावलें उमटलेलीं दिसलीं. जोडे परके होते. मनकर्णाबाईंनीं तीं पाहिलीं, निंबानेंहि पाहिलीं.

“मी त्या दिवशी तसं बोलायले नको व्हतं,” तो म्हणाला.

“झालं ते झालं,” बाई म्हणाल्या, आणि पाणी ओढूं लागल्या.

फाल्गुन मासीं दगाचा मुकदमा उभा राहिला आणि बंदुकीचा अर्जहि त्यासच जोडला गेला. मनकर्णाबाई शेजारच्या भागाबाईस मळ्यावर बसवून नवऱ्यासोबत निघाल्या. बऱ्हाणपुरीं शनवाऱ्याच्या वेशीपाशीं मोटारींतून उतरून उभयतां अदालतींत हजर जाहले. न्यायाधीश तरुण, नवे आलेले, कागद स्वतः वाचावयाची त्यांस खोड होती. त्यांनीं आधीं दगास बोलाविलें. दगा लंगडत उभा राहिला. चोरी त्यानें कबूल केली, कुऱ्हाडहि कबूल केली, परंतु एका गोष्टीस तो राजी होईना.

“साहब, इसने नहीं मारा,” तो निंबाकडे बोट करून म्हणाला. “औरत ने मारा. फिर पानी भी उसीने पिलाया.”

दरबारांत कुजबुज जाहली. न्यायाधीशांनीं निंबाचा जबाब पाहिला, दगाचा पाहिला, दोन्ही शेजारीं ठेविले, आणि मोहोर फोडून बंदूक आणविली. ती रिकामी असल्याची खात्री करून ती निंबाच्या हातीं दिली व हुकूम केला कीं, बार कैसा भरतात तें हातवाऱ्यानें दाखवावें. निंबानें बंदूक उभी धरिली. गज कोठला, चिंधी कोठली, आधीं दारू कीं आधीं छर्रा, वीस वर्षांत त्यानें हें कधीं नीट पाहिलेंच नव्हतें. मागून मनकर्णाबाई न पुसतां बोलल्या.

“त्यायची नजर कमी झाली, साहेब. आता नाही जमत त्यायले.”

ही बाईंनीं नवऱ्यास दिलेली सुटकेची वाट होती, आणि तिच्यांतून निंबा अब्रूनिशीं निसटून जाता तर दगा खोटा ठरता. लेखकाचे मतें या सर्व मोहिमेंत खरी लढाई ती एवढीच, आणि ती कोणाच्या दृष्टीस पडली नाहीं. निंबानें बंदूक हळूच मेजावर ठेविली.

“नजर चांगली हाये, साहेब,” तो म्हणाला. “मी खोटं बोललो व्हतो. बंदूक हिनं चालवली. मी गाडीखाली व्हतो. हिनं चालवली म्हनून मी आज उभा हाये.”

कोणी हंसलें नाहीं. न्यायाधीशांनीं बाईंस पुढें बोलावून पुसलें कीं, बैलांसाठीं माणसावर गोळी कां घातली.

“बैलासाठी नाही. कुऱ्हाड यायच्यावर व्हती,” बाई निंबाकडे हात करून म्हणाल्या.

“पायावरच कशी बसली?”

“पायावरच धरली व्हती. जीव नव्हता घ्यायचा.”

मग निवाडा जाहला तो ऐसा: बाईंनीं नवऱ्याचा जीव राखिला, सबब त्यांवर गुन्हा नाहीं, निंबास खोट्या जबाबाबद्दल कडक ताकीद, दगास दीड वर्ष. आणि बंदूक सोडावी, परंतु जीस ती चालवितां येते तिचे नांवें परवाना जाहल्यावर सोडावी.

हा नवा किल्ला पुढें उभा राहिला. या वेळेस निंबा एकटा गेला. खंडव्यास जिल्ह्याच्या कचेरीपुढें तो तीन दिवस ओळींत उभा राहिला. कारकुनानें पुसलें, “औरत के नाम बंदूक? तुम क्या करोगे?” निंबानें उत्तर दिलें कीं, मी अर्ज करीन. लोक ऐकून हंसले, तेव्हां तोहि त्यांत हंसला, आणि सर्व हकीकत गाडीसुद्धां सांगितली. कारकुनास ती इतकी आवडली कीं त्यानें ती शेजारच्या टेबलास ऐकविली, आणि तीन टेबलांची मजल त्या अर्जानें एका दुपारीं मारिली.

शके अठराशें एकोणऐंशी, चैत्र शुद्ध पंचमी, शुक्रवार. उभयतां ठाण्यास आले. गिरधर जमादारांनीं मालखाना उघडला. आंत एकसारख्या सात बंदुका, आणि चिठ्ठ्या वाळवीनें खाल्लेल्या. जमादार खजील होऊन म्हणाले, नंबर जुळवावयास आठवडा लागेल. बाईंनीं सातांपैकीं एकेक उचलून खांद्यास लाविली आणि चौथीस थांबल्या. नंबर पाहिला, तोच निघाला. जमादारांनीं पावती लिहिली आणि संवयीनें निंबापुढें सरकविली.

“तिचा अंगठा घ्या,” निंबा म्हणाला. “मी साक्षीले सही करतो.”

त्याप्रमाणें जाहलें. जमादारांनीं बाईंस बसावयास खुर्ची दिली व चहा मागविला, हें त्या ठाण्याचे इतिहासांत प्रथमच. चैत्र वद्य पक्षीं आशा माहेरीं आली, वैशाखांत तिला मुलगी जाहली. पळालेले दोघे फिरून दिसले नाहींत. रानडुकरांनीं एक वेळ चाल केली, ती मागें घेतली.

येणेंप्रमाणें मौजे डोईफोडियाची बंदूक, खासा मनकर्णाबाईंचे नांवें, फिरून खुंटीस दाखल. मोहीम फत्ते. फत्ते कोणाची, हें कोणास जाणणें असल्यास निंबा कौतिक यांस पुसावें. ते आतां न पुसतांहि सांगतात, आणि शत्रू तीनच होते म्हणतात.