हिरवा जाळ

"पाण्याला पोट असतंय, बेटा, पाजशील ते ठेवून घेतंय." जलीलचे अब्बा असं म्हणायचे. अब्बांना जाऊन किती पावसाळे लोटले, पण ईट गावच्या त्या गल्लीत तांब्याचं भांडं तेजाबात बुडालं की जलीलच्या कानी तो आवाज अजून उठे. भांडी उजळत, आणि खंगाळलेलं पाणी मोरपिशी होऊन थेट शेजारच्या कस्तुराबाईंच्या मेथीत शिरे.

मेथी करपली. कस्तुराबाई चारचौघांत कडाडल्या, "बाजाराच्या दिवसापातूर तुझी कल्हईची भट्टी गावाभाईर गेली पायजे!" हैदराबादचं राज्य मोडलं, गाव मुंबई राज्यात गेलं, कस्तुराबाईंचा शब्द मात्र कधी मोडला नव्हता.

जलीलनं पाणी फडक्यातनं गाळलं, वाळूतनं गाळलं. निळं ते निळंच. मग भट्टीकडेच्या विझल्या कोळशांत साचलेलं पाणी त्याला फिकं दिसलं. त्यानं बाभळीचा कोळसा कुटला, चुन्याच्या निवळीत भिजवला, पुन्हा भाजला आणि बुडाला भोक पाडलेल्या माठात भरला. वरून निळं ओतलं. खालून थेंब आला, दवासारखा.

"या अल्ला!" कुलसुमबी नवऱ्याला म्हणाली. "काळ्यानं निळं गिळलं की हो!"

बाजाराच्या दिवशी कस्तुराबाई आल्या, मागोमाग गल्ली आली. त्यांनी थेंब निरखला आणि नुसतं "हं" म्हणाल्या. कुलसुमबीनं घाईघाईनं अंगणातल्या शेगडीवर चहा ठेवला. कोळसा कमी पडला, तसा माठातनं काढून उन्हात वाळत घातलेला जुना कोळसा तिनं ओंजळभर लोटला अन् वारा घातला.

जाळ हिरवा झाला. पोपटाच्या पंखासारखा हिरवा, काठाला निळा. सगळं अंगण शेगडीभोवती गोळा झालं. कस्तुराबाईंचे हात आपोआप जुळले.

"चमत्कार!" गल्लीतला बंडप्पा ओरडला.

"भट्टी आता हितनं हलायची न्हाय!" कस्तुराबाईंनी जाहीर केलं.

"तुम्ही गप बसा बरं का," कुलसुमबी नवऱ्याच्या कानाशी लागली. जलीलनं मान डोलावली.

पण गर्दीतली नीलम्मा म्हणाली, "मला द्या की त्यातला एक कोळसा, देव्हाऱ्यात ठेवते." बघता बघता वाळवण संपलं. बंडप्पानं सरळ माठातच हात घातला. मूठ मूठ करत माठ रिता होऊ लागला, आणि खालची धार पुन्हा निळी झाली. धार मेथीकडं निघाली.

जलीलला राहवेना. "थांबा! ह्यो चमत्कार न्हाय! माझ्या पाण्यातलं तांबं हाय ते, कोळशानं धरलेलं. काकू, तुमची मेथी ज्यानं जळली तेच हितं जळतंय. घरात जाळू नका कुणी, धूर वाईट त्याचा."

बंडप्पानं मूठ हळूच माठात सोडली. गेली भट्टी, म्हणून कुलसुमबीनं डोळे मिटले.

"मला काय डोळं न्हाईत?" कस्तुराबाई म्हणाल्या. "तुझ्या पाण्याचाच रंग त्यो, बघितल्याबरुबर वळखला म्या. माझा राग तर त्यो थेंब बघूनच गेला हुता. पर चारचौघांत बोलून बसलेली बाई माघारी फिरणार कुठनं? जाळानं वाट दिली म्हणून हात जोडलं, अन् मेल्या, तू तीबी बुजवलीस!"